बिऱ्हाडकरू ठेवण्यापूर्वीं

गेल्या चैत्रांत आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव पेढे घेऊन आमच्याकडे आले. पतिपत्नी दोघेंही नोकरींत; राहतें घर आहेच; आतां गांठीची शिल्लक व बँकेचें कर्ज मिळून शहराच्या पश्चिमेस त्यांनीं दुसरा फ्लॅट घेतला होता. "काका, टू-बीएचके आहे. महिना अठरा हजार घरबसल्या येतील," असें ते मोठ्या उत्साहानें म्हणाले. आम्हीं पेढा घेतला, आशीर्वाद दिला आणि मग विचारलें, "कागद कोणता करणार?" त्यावर, "अकरा महिन्यांचा करतात तोच. एजंट आणून देईल, आपण सही करायची," असें उत्तर आलें. तें ऐकून आमच्या पोटांत जो गोळा उठला त्यांतूनच हा लेख लिहिण्याचें मनांत आलें. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आज मुलगा, जांवई किंवा पुतण्या असा दुसरा फ्लॅट घेऊन बसला असेल, आणि घरांतील वडील मंडळींस त्याविषयीं कोणी कांहीं विचारीत नसेल. न विचारतां सांगण्याचा हक्क आम्हीं शाळेंत छत्तीस वर्षें बजावला आहे. तोच येथेंही बजावतों.

घरमालकी हा आमच्या घराण्यांतील जुना आजार आहे. सदाशिव पेठेंत आजोबांचा दुमजली वाडा होता. त्यांत आमच्याखेरीज नऊ बिऱ्हाडें राहत. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस तीर्थरूप आम्हांस पावतीपुस्तक व टांक देऊन धाडीत, आणि आम्ही जिना चढून उतरून भाडीं गोळा करूं. कमींत कमी नऊ रुपये, जास्तींत जास्त बावीस. हें आम्ही साधारण १९६८ सालचें सांगत आहों. ज्येष्ठ लागला कीं कौलें शाकारण्यास माणसें बोलवावीं लागत, आणि त्यांची मजुरी भागवितांना त्या वर्षाचें भाडें पुरून उरलें असें आम्हांस कधींच आठवत नाहीं.

असें कां होत असे, हें आजच्या मुलांस ठाऊक नसतें. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मुंबईंत जागेची टंचाई झाली, तेव्हां १९१८ सालीं भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा आला. युद्धापुरती केलेली ती तजवीज पुढें कायमची होऊन बसली. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें १ सप्टेंबर १९४० या दिवशीं जें भाडें असेल तेंच प्रमाण भाडें ठरविलें, आणि घरपट्टीसारख्या कांहीं बाबींची वाढ वगळतां तें तेथेंच गोठलें. गहूं, सोनें, मजुरी, शिक्षकाचा पगार, सारें वाढलें. भाडें तेवढें १९४० सालांत राहिलें. भाडेकरूस बेघर होऊं द्यावयाचें नाहीं हा हेतु चांगलाच होता. पण मालकानें डागडुजी थांबविली, वाडे खचले, आणि त्या खचत्या भिंतींखालीं मालक व भाडेकरू दोघेही सांपडले. १९९७ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें प्रमाण भाड्याचीं तीं कलमें गैरवाजवी ठरविलीं. त्यानंतर महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम १९९९ झाला व ३१ मार्च २००० पासून अमलांत आला. आज घर भाड्यानें देणाऱ्या प्रत्येकाचें काम याच कायद्याशीं पडतें.

हा तंटा नवा आहे असें मात्र कोणीं समजूं नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, घरें व वास्तु यांच्या प्रकरणांत, भाडेकरूचा विचार आहे. मालकानें मना केल्यावरही जो घर सोडीत नाहीं त्यास बारा पण दंड. आणि भाडें देत असलेल्या माणसास जो मालक हांकून देतो त्यासही बारा पणच दंड. चोरी, शिवीगाळ, दांडगाई असे कांहीं अपराध भाडेकरूचे असतील तर गोष्ट वेगळी. भाडेकरू आपण होऊन मध्येंच सोडून गेला तर वर्षाचें उरलेलें भाडें त्यानें द्यावें, असेंही तेथें म्हटलें आहे. दोघांस दंड सारखा ठेवणारा तो शास्त्रकार आम्हांस आजच्या पुष्कळ वकिलांहून शहाणा वाटतो.

आतां आमची स्वतःची गोष्ट सांगितल्यावांचून पुढील सल्ल्यास वजन येणार नाहीं. भविष्यनिर्वाह निधींतून रक्कम काढून आम्हीं कोथरुडांत तळमजल्यावर एक लहानसा फ्लॅट घेतला होता. उद्देश हा कीं, पुढें मातोश्रींस वाड्याचा जिना झेपेनासा झाला म्हणजे त्यांस तेथें न्यावें. तोंवर तो रिकामा कशास ठेवावयाचा, म्हणून २००३ सालीं आमच्या एका सहकाऱ्यांच्या शिफारशीनें एका गृहस्थांस तो दिला. गृहस्थ आमच्याच शाखेचे, दूरच्या नात्यांतले. सकाळीं संध्या करणारे. सहा महिन्यांचा प्रश्न, त्यांचें स्वतःचें घर बांधून होत आलेलें. भाडें अडीच हजार, रोख. कागद? नात्यांत कागद कसला, असें आम्हीं स्वतःच्या तोंडानें म्हटलें. शाळेंत मुलांस एक विसर्ग चुकला तर दहा वेळां लिहावयास लावणारे आम्ही!

सहा महिन्यांचीं तीन वर्षें झालीं. २००६ च्या पावसाळ्यांत मातोश्री जिन्यावरून पडल्या. आम्ही त्या गृहस्थांकडे गेलों व घर मागितलें. त्यांनीं चहा दिला आणि सांगितलें कीं, आपण येथें भाडेकरू आहों, भाडें बाराशें ठरलें आहे, व जास्त घेतलेलें आपण पुढील भाड्यांत वळतें करून घेणार आहों. वकिलांकडे गेल्यावर आम्हांस कळलें कीं, कायद्याच्या पंचावन्नाव्या कलमाप्रमाणें करार लेखी व नोंदणीकृत हवा, तो करण्याची जबाबदारी मालकाची, आणि तो नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याविषयीं भाडेकरू जें म्हणेल तें, उलट सिद्ध होईपर्यंत, खरें धरावयाचें. इतकेंच नव्हे, तर नोंदणी न केल्याबद्दल तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजारांपर्यंत दंड अथवा दोन्हीं शिक्षा मालकास होऊं शकतात. म्हणजे फिर्यादी म्हणून गेलेले आम्हीच अपराधी ठरत होतों. दावा चालला. मातोश्री २००८ च्या पौषांत वाड्याच्या वरच्या मजल्यावरील खोलींतच गेल्या. शेवटचें दीड वर्ष त्यांनीं खालचें अंगण पाहिलें नाहीं. फ्लॅटचा ताबा २०११ सालीं, त्या गृहस्थांस तीन लाख रुपये देऊन, तडजोडीनें मिळाला. किल्ली हातीं आली त्या दिवशीं आम्हीं ती सौभाग्यवतींपाशीं दिली. त्या घरांत पाऊल टाकण्यास आम्हांस पुढें सहा महिने लागले.

म्हणून पुतण्यास आम्हीं जें पहिल्यानें सांगितलें तें हें कीं, "अकरा महिन्यांचा करतात तोच" हें वाक्य डोक्यांतून काढ. या अकरा महिन्यांचें मूळ १९०८ च्या नोंदणी कायद्यांत आहे. एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदविलाच पाहिजे असें तो कायदा म्हणतो. तेव्हां नोंदणी टाळण्यासाठीं लोक अकराच महिने लिहूं लागले. महाराष्ट्रांत ती पळवाट आतां उरलेली नाहीं. मुदत अकरा महिन्यांची असो वा पांच महिन्यांची, करार लेखी व नोंदलेला हवा. शंभर-पांचशेंच्या मुद्रांकावर लिहून नोटरीचा शिक्का मारलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे. एजंट तोच कागद "पक्का" म्हणून हातीं देतात, आणि सुशिक्षित माणसें तो कपाटांत जपून ठेवतात.

दुसरें, कागदाचें नांव व त्याचें अंतरंग. भाडेपट्टा वेगळा आणि ज्यास मराठींत आपण 'लिव्ह अँड लायसन्स' असेंच म्हणतों तो अनुज्ञप्तीचा करार वेगळा. भाडेपट्ट्यानें जागेंत हक्क उत्पन्न होतो. अनुज्ञप्तीनें नुसती राहण्याची परवानगी मिळते, जागेचा कायदेशीर कब्जा मालकाचाच राहतो. पहिल्याची व्याख्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यांत आहे, दुसऱ्याची त्याच वर्षींच्या सुविधाधिकार कायद्यांत. वरचें नांव कांहींही लिहिलें तरी न्यायालय पक्षांचा खरा हेतु पाहतें, हें सर्वोच्च न्यायालयानें १९५९ सालींच सांगून ठेवलें आहे. आणि कायद्याचा लहरीपणा पाहावयाचा असेल तर १९७३ सालाकडे पाहावें: त्या वर्षीं मुंबई कायद्यांत दुरुस्ती होऊन, १ फेब्रुवारी १९७३ रोजीं चालू अनुज्ञप्तीवर राहणारे सारे लोक एका फटक्यांत भाडेकरू ठरले. वडील मंडळी घरें कुलपांत ठेवूं लागलीं तीं तेव्हांपासून. आजचा कायदा मात्र या बाबतींत मालकाच्या बाजूनें स्पष्ट आहे. चोविसाव्या कलमाप्रमाणें, राहण्यासाठीं दिलेल्या जागेची मुदत संपली कीं राहणारानें जागा सोडावी. न सोडील तर ठरलेल्या रकमेच्या दुप्पट नुकसानभरपाई द्यावी. मालकानें सामान्य न्यायालयांत न जातां सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा. आणि लेखी करारांत जें लिहिलें आहे तें निर्णायक पुरावा समजावें. समोरच्यास बचाव करावयाचा असेल तरी आधीं परवानगी मागावी लागते. एवढें संरक्षण त्या कागदानें मिळतें, आणि त्याचा खर्च किती? महिना १८,००० रुपये व अनामत ५०,००० धरली तर अकरा महिन्यांच्या कराराचें मुद्रांकशुल्क, शेकडा पाव टक्का या दरानें, सुमारें पांचशें रुपये. महानगरपालिकेच्या हद्दींत नोंदणी फी हजार रुपये. म्हणजे दीड हजारांत काम होतें, आणि तेंही आधारच्या ठशावर घरबसल्या होतें. आमचे तीन लाख व पांच वर्षें या दीड हजारांच्या शेजारीं ठेवून वाचकांनीं पाहावीं.

आतां हिशेब. पुतण्यानें आम्हांस मोबाईलवर नफ्याचा तक्ता दाखविला. आम्हीं पाठीमागच्या कोऱ्या कागदावर पेन्सिलीनें आपला मांडला. फ्लॅटची किंमत ७० लाख. त्यावर मुद्रांकशुल्क व नोंदणी मिळून पांच लाखांच्या वर, म्हणजे ७५ लाख गुंतले. भाडें वर्षाचें २,१६,०००. त्यांतून सोसायटीचा देखभाल खर्च ३०,०००, घरपट्टी १२,०००, वर्षांत एक महिना घर रिकामें राहणार, तें भाडें १८,०००, रंग, नळ, गिझर, सुताराची हजेरी १५,०००. पंचाहत्तर हजार गेले. उरले १,४१,०००; म्हणजे गुंतलेल्या रकमेवर शेकडा दोनही नाहींत. बँकेंतील मुदतठेव याहून कितीतरी जास्त देते, आणि तिचा नळ गळत नाहीं. शिवाय ५० लाख कर्ज साडेआठ टक्क्यांनीं घेतलें असेल तर पहिल्या वर्षाचें व्याजच सव्वाचार लाखांच्या घरांत जातें. भाडें त्याचा तिसरा हिस्सा भागवितें, उरलेलें पगारांतून. घराची किंमत पुढें वाढेल ही आशा धरूनच हा व्यवहार करावयाचा असतो. आशा खोटी असतेच असें नाहीं, पण तिला उत्पन्न म्हणूं नये. नोकरी गेली तरी सहा महिन्यांचे हप्ते भागतील इतकी रक्कम बाजूस असेल तरच दुसऱ्या घरास हात घालावा असें आमचें मत आहे. पुतण्याच्या पत्नीनें तो कागद घडी करून पर्समध्यें ठेवला. तिचें गणित नवऱ्याहून चांगलें असावें.

कराच्या बाबतींत दोनच गोष्टी लक्षांत ठेवाव्या. भरलेली घरपट्टी वजा करून उरणाऱ्या भाड्यांतून आयकरांत डागडुजीसाठीं म्हणून सरसकट ३० टक्के वजावट मिळते, मग प्रत्यक्ष खर्च कितीही होवो. आणि पुण्यांत स्वतः राहणाऱ्यास घरपट्टींत जी ४० टक्क्यांची सवलत आहे ती घर भाड्यानें दिल्यावर मिळत नाहीं. चोरून ती चालू ठेवणारे बरेच आहेत. त्यांच्या पंगतीस बसूं नये.

बिऱ्हाडकरू कसा निवडावा याविषयीं थोडें विस्तारानें लिहितों, कारण येथें आमच्या समाजाची एक खोड आहे. पुतण्याच्या एजंटानें पहिला प्रश्न विचारला तो असा: "आडनांव कसलें चालेल?" आम्ही तेथें बसलों होतों. तो प्रश्न विचारतांना त्याला संकोच वाटला नाहीं, कारण आजवर त्याला तसेंच उत्तर मिळत आलें असलें पाहिजे. वाचकांस राग आला तरी आम्ही सांगतों. आमच्या वाड्यांतील नऊ बिऱ्हाडांपैकीं ज्याचें भाडें एकदाही एक तारीख ओलांडून गेलें नाहीं तो जिन्याखालच्या खोलींत राहणारा शिंपी होता. तीर्थरूप वारले तेव्हां रात्रभर आमच्यापाशीं बसलेले गृहस्थ मुसलमान होते, रेल्वेंत कारकून. आणि आमचें घर बळकावून बसले ते संध्या करणारे. आडनांवावरून माणूस ओळखतां येत असता तर न्यायालयें बंद पडलीं असतीं. जात पाहून घर नाकारणें हा अन्याय तर आहेच, वर तें व्यवहारांतही निरुपयोगी आहे.

मग पाहावें काय? नोकरीचा किंवा धंद्याचा पुरावा. मागील घरमालकाचा दूरध्वनि, आणि तो स्वतः फिरवून "यांस आपण पुन्हां घर द्याल काय?" एवढा एकच प्रश्न. घरांत नक्की कोण राहणार त्यांचीं नांवें करारांत. भाडें दर महिन्यास बँकेमार्फतच यावें. रोख घेतलेंच तर पावती द्यावी, ती देणें कायद्यानें मालकावर बंधनकारक आहे. राहणाराची माहिती पोलीस ठाण्यांत कळवावी. हल्लीं तें संगणकावरूनही होतें. आणि माणसास प्रत्यक्ष भेटावें. एजंटाकडून किल्ली परस्पर देऊं नये.

एकत्र कुटुंबांत आणखी एक पेंच असतो. घर तिघां भावांच्या नांवें, भाडें ठरवितो एक, खर्च करतो दुसरा, आणि तिसरा अमेरिकेंत. ज्यांचीं ज्यांचीं नांवें मालकपत्रकावर आहेत त्या सर्वांच्या सह्या करारावर असाव्या, किंवा त्यांनीं कोणा एकास रीतसर कुलमुखत्यारपत्र करून द्यावें. परदेशस्थ भावाचा हिस्सा असेल तर त्याच्या भाड्यांतून आयकर आधींच कापून भरण्याचें ओझें भाडेकरूवर येतें, हें करारापूर्वींच त्याला सांगावें. मागाहून सांगितल्यास तो पळतो. भाड्याची वांटणी वहींत लिहावी. भावाभावांत लिहावयाचें कशास, असें ज्यांस वाटेल त्यांनीं आमची कोथरुडची गोष्ट पुन्हां वाचावी.

सोसायटीचे चिटणीस घर भाड्यानें दिलें कीं जादा आकार मागतात. सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाप्रमाणें तो सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेतां येत नाहीं, आणि त्यांत पालिकेचे कर धरावयाचे नाहींत. आईवडील, मुलगा, विवाहित मुलगी अशा जवळच्या नातलगांस जागा दिली असेल तर तो मुळींच द्यावा लागत नाहीं. हें शांतपणें, आदेशाची प्रत हातांत घेऊन सांगावें. भांडूं नये, कारण पाण्याची टांकी त्यांच्याच ताब्यांत असते.

पाण्यावरून आठवलें. ज्यांच्याकडे वडिलोपार्जित वाडा व जुने भाडेकरू आहेत त्यांतील कांहीं त्रासून नळ तोडतात किंवा दिवा बंद करतात. आमच्या गल्लींत एकानें केलें, पोलीस आले. आवश्यक सोयी तोडणें हा या कायद्यानें गुन्हा आहे, भाडें थकलें असलें तरीही. जुन्या भाडेकरूंचें भाडें आतां दरसाल ४ टक्के वाढवितां येतें, तें मुकाट्यानें वाढवीत जावें. थकबाकी असेल तर लेखी नोटीस देऊन ९० दिवस थांबावें, मग दावा करावा. स्वतःस जागेची खरी गरज असणें, परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणें, सबळ कारणावांचून सहा महिने जागा न वापरणें, हीं ताबा मागण्याचीं रास्त कारणें आहेत. यांतलें एकही नसेल तर वाट पाहावी. घराची डागडुजी करणें हें तोंवर मालकाचेंच कर्तव्य आहे.

गेल्या रविवारीं पुतण्याच्या फ्लॅटची किल्ली द्यावयाची होती, आम्हीही गेलों. राहावयास येणारीं नवराबायको नांदेडकडचीं, दोघेंही संगणकाच्या नोकरींत, सोबत त्या मुलीची आई. करार आदल्या आठवड्यांत नोंदला होता. आम्हीं खोलीखोलींतून फिरून यादी केली: पंखे चार, गिझर एक, स्वयंपाकघरांतील ओट्यास डावीकडे तडा, स्नानगृहांतील आरसा शाबूत, विजेच्या मीटरचा आंकडा. पुतण्यानें प्रत्येकाचें छायाचित्र घेतलें, दोन्हीं पक्षांच्या सह्या झाल्या. अनामत परत करण्याची वेळ आली म्हणजे ही यादीच काय तें बोलेल. सही करतांना त्या मुलीची आई हळूच म्हणाली, "गुडघ्यांमुळें जिना होत नाहीं हो मला, इथें लिफ्ट कायम चालते ना?" आम्हीं खालीं जाऊन पहारेकऱ्यास विचारून आलों. वीज गेली तरी लिफ्टपुरता जनरेटर आहे, असें तो म्हणाला. तेंही आम्हीं यादीच्या तळाशीं लिहून ठेवलें.